सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट: अर्ज करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेटसाठी अर्ज करणाऱ्यांचे मसुदे मी बरीच वर्षं वाचून देते आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते. जिथे अडलंय तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. संशोधन-प्रश्नाबद्दलचं उत्तर मात्र गाळू नका, कारण पुढची बरीच उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

पीएचडी आणि डीआरपीएच यांत फरक काय?

पीएचडी संशोधक घडवते. तिथे नवं ज्ञान शोधायचं, ते तपासायचं आणि शोधनिबंधांतून मांडायचं शिक्षण मिळतं. डीआरपीएच, म्हणजे डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही पदवी आरोग्य यंत्रणेत नेतृत्व करू पाहणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत या शिक्षणसंस्थांना मान्यता देणाऱ्या सीईपीएच या संस्थेने डीआरपीएचसाठी २० मूलभूत क्षमता ठरवून दिल्या आहेत. त्यांत माहितीचं विश्लेषण आहे, त्याचबरोबर नेतृत्व, व्यवस्थापन, धोरण आणि मनुष्यबळ घडवणंही आहे. शिवाय प्रत्यक्ष एखाद्या संस्थेत काम करून दाखवावं लागतं. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनसारख्या काही ठिकाणी दोन्ही पदव्या मिळतात.

पदवी मिळाल्यावर रोज कोणतं काम हातात असावं, हे स्वतःला विचारा. डेटासेट आणि अर्धा लिहिलेला शोधनिबंध, की लसीकरण कार्यक्रमाचं बजेट आणि चाळीस कर्मचाऱ्यांची बैठक? मनातून जे पहिलं उत्तर येईल ते सहसा खरं असतं. 'डीआरपीएच सोपी असते' असं ऐकून तिकडे वळू नका. ती सोपी नाही, ती वेगळी आहे. डीआरपीएचला बहुतेक ठिकाणी काही वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, आणि तो कागदोपत्री असून भागत नाही. तुम्ही कोणते निर्णय घेतले आणि त्यांचं पुढे काय झालं, हे सांगता यावं लागतं.

मी डॉक्टर नाही. चालेल का?

हो, नक्की चालेल. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, नर्सिंग, फार्मसी, पर्यावरणशास्त्र, अशा सगळ्या वाटांनी लोक या क्षेत्रात येतात. उलट डॉक्टरांनाच एक सवय मोडावी लागते. समोरच्या एका रुग्णाकडे पाहायची सवय असते, आणि इथे न दिसणाऱ्या हजारो माणसांबद्दल विचार करावा लागतो.

आधी एमपीएच झालेली हवीच का?

अमेरिकेतले काही पीएचडी अभ्यासक्रम पदवीनंतर थेट प्रवेश देतात, पण बहुतेकांना एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) किंवा त्याच्या जवळची मास्टर्स असलेली बरी वाटते. युरोपात मास्टर्स जवळपास गृहीतच धरलेली असते. बायोस्टॅटिस्टिक्ससाठी, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्रासाठी, एमपीएचपेक्षा गणित महत्त्वाचं: मल्टिव्हेरिएबल कॅलक्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा झालेलं नसेल, तर आधी ते पूर्ण करा.

चांगला संशोधन-प्रश्न म्हणजे नेमकं काय?

'मला माता-आरोग्यावर काम करायचंय' हा प्रश्न नाही, तो विषय झाला. अर्ज वाचणाऱ्याच्या हातात अशा विषयांचा ढीग असतो. तुमचा अर्ज त्या ढिगातून वर येतो तो प्रश्नामुळे.

या क्षेत्रातला सगळ्यात जुना धडा आठवा. १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला होता. रोग खराब हवेतून पसरतो असं त्या काळी बहुतेकांना वाटायचं. जॉन स्नो यांना पाण्याचा संशय होता. पण 'पाणी वाईट आहे का' एवढ्यावर ते थांबले नाहीत. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत शेजारशेजारच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी येत होतं. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या घाणीतूनच पाणी घेत होती. गल्ली तीच, हवा तीच, माणसंही सारखीच; फरक फक्त नळाचा. स्नो यांनी घरोघर विचारून मृत्यू मोजले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले होते आणि लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७.

या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: कुणाची कुणाशी तुलना करायची ते ठरलेलं आहे, काय मोजायचं ते ठरलेलं आहे, आणि उत्तर 'नाही' असंही येऊ शकलं असतं. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे तो संशोधन-प्रश्न नव्हे.

आता आजचं एक उदाहरण. एका अर्जदार मुलीचा मसुदा माझ्याकडे आला होता. पहिली दोन पानं सेवा, समाज, स्वप्न यांनी भरलेली. तिसऱ्या पानावर जाता जाता एक वाक्य होतं: बाळंतपणानंतर घरभेटीला गेल्यावर तिला एका पत्र्याच्या डब्यात लोहाच्या गोळ्यांची पाकिटं दिसली होती, एकही गोळी न काढलेली. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये मात्र त्या बाईच्या नावापुढे 'गोळ्या दिल्या' अशी खूण होती. रजिस्टर वाटप मोजत होतं, सेवन मोजत नव्हतं. मी तिला म्हटलं, 'अगं, तुझा प्रश्न या डब्यात आहे.' तिने मसुदा तिथूनच पुन्हा लिहायला घेतला.

तुम्हीही कामात असा डबा कधीतरी पाहिलेला असतो. नोंद एक सांगते आणि घरात दुसरंच दिसतं, ती जागा आठवा.

कोणत्या विभागात अर्ज करावा हे कसं ठरवू?

प्रश्नावरून. न घेतलेल्या गोळ्यांचाच प्रश्न घ्या. किती स्त्रिया गोळ्या सोडतात, कधी सोडतात आणि त्याचा ॲनिमियावर काय परिणाम होतो, हे शोधायचं असेल तर एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोगप्रसाराचं शास्त्र. त्या का सोडतात, घरात गोळ्यांबद्दल काय बोललं जातं, हे समजून घ्यायचं असेल तर सामाजिक व वर्तनशास्त्राचा विभाग. यंत्रणा चुकीचीच गोष्ट का मोजते आणि ते कसं बदलायचं, हा कळीचा मुद्दा वाटत असेल तर आरोग्य धोरण व व्यवस्थापन. एकच डबा, तीन वेगळी शिक्षणं. विभागाचं नाव मोठं आहे म्हणून जाऊ नका. पुढची चार-पाच वर्षं ज्या पद्धतीने विचार करायला आवडेल, तो विभाग निवडा.

देशादेशांत प्रवेशाची पद्धत वेगळी असते का?

खूपच. इथे गल्लत झाली तर चांगला अर्जही वाया जातो.

अमेरिकेत तुम्ही अभ्यासक्रमासाठी अर्ज करता. पहिली दोनेक वर्षं वर्गातले विषय, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. सगळं मिळून साधारण चार ते सहा वर्षं. प्रबंध बऱ्याच ठिकाणी तीन शोधनिबंधांच्या रूपात असतो. अर्ज करताना प्रश्न शेवटपर्यंत पक्का असावा अशी अपेक्षा नसते, पण दिशा स्पष्ट हवी.

ब्रिटनमध्ये तुम्ही मार्गदर्शक आणि प्रकल्प यांच्यासाठी अर्ज करता. संशोधन प्रस्ताव अर्जाबरोबरच द्यावा लागतो आणि मार्गदर्शक आधी तयार व्हावे लागतात. कालावधी तीन ते चार वर्षांचा, वर्गातलं शिक्षण कमी. ज्यांना पद्धतिशास्त्राचा पाया अजून पक्का करायचा आहे, त्यांनी याचा नीट विचार करावा. तिथे हात धरून शिकवणारं कुणी असेलच असं नाही.

स्वीडन, नेदरलँड्स अशा देशांत डॉक्टरेट ही बहुतांशी नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, तुम्ही त्या जागेसाठी अर्ज करता, निवड झाली तर पगार मिळतो. वार्षिक डेडलाइनची वाट पाहत बसलात तर जागा भरून जाते. संस्थांची भरतीची पानं दर आठवड्याला पाहावी लागतात.

सोफास म्हणजे काय?

अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणसंस्थांची एकत्रित अर्ज-प्रणाली. एकदा माहिती भरली की अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. पण प्रत्येक अभ्यासक्रम तिच्यात नाही. काही विद्यापीठांत पीएचडीचा अर्ज ग्रॅज्युएट स्कूलकडे स्वतंत्रपणे करावा लागतो. अमेरिकेबाहेर शिकलेल्यांना गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि सोफाससाठी ते वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेसकडून होतं. तुमच्या विद्यापीठाने कागद सीलबंद पाठवण्यापासून ते अहवाल पोचेपर्यंत कित्येक आठवडे जातात. हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. डेडलाइनच्या आठवड्यात माणसं एसओपीमुळे (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र) अडत नाहीत, गुणपत्रिकेमुळे अडतात.

तयारी कधी सुरू करावी?

पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शिकायला जायचं असेल, तर आदल्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत. अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडींच्या डेडलाइन डिसेंबरच्या आसपास असतात. उन्हाळ्यापर्यंत प्रश्न आणि संस्थांची यादी, सप्टेंबरपर्यंत शिफारसपत्रांची विनंती, ऑक्टोबरमध्ये एसओपी दोघा-तिघांना वाचायला, असं वेळापत्रक जमलं तर रात्री जागाव्या लागत नाहीत.

प्राध्यापकांना आधी ईमेल करावा का?

ब्रिटन आणि युरोपात करावाच लागतो. अमेरिकेत विभागाच्या पानावर काय लिहिलंय ते आधी पाहा. काही ठिकाणी समिती प्रवेश देते आणि आधी ईमेल करू नका असं स्पष्ट सांगितलेलं असतं. तिथे ते पाळा.

ईमेल लहान ठेवा. 'आपल्या थोर कार्याने मी भारावून गेलो' हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी असं काही लिहा:

'नमस्कार. मी तीन वर्षं माता-आरोग्य कार्यक्रमात काम केलं. गोळ्या वाटल्याची नोंद असूनही त्या घेतल्या जात नाहीत, असं घरभेटींत दिसलं. औषधसेवन मोजण्याच्या पद्धतींवरचा आपला शोधनिबंध वाचला. त्यात स्त्रियांच्या स्वतःच्या सांगण्यावर भर आहे. उरलेल्या गोळ्या मोजल्या तर उत्तर बदलेल का, असा प्रश्न मला पडला आहे. येत्या वर्षी आपण नवा पीएचडी विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही सोबत जोडला आहे.'

एवढं पुरे. ज्यांचं काम तुम्ही खरंच वाचलं आहे त्यांनाच लिहा. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. त्यांच्या इनबॉक्समध्ये अशी पत्रं शेकड्याने पडलेली असतात.

एसओपीत काय लिहायचं?

चार गोष्टी: कोणता प्रश्न, तो तुम्हाला कुठून मिळाला, तो सोडवायला आत्तापर्यंत काय शिकलात आणि काय यायचं बाकी आहे, आणि ते इथेच का शिकता येईल. चौथ्या भागात दोन-तीन प्राध्यापकांची नावं नुसती पेरू नका. त्यांच्या कामाचा तुमच्या प्रश्नाशी कुठे सांधा जुळतो ते एकेका वाक्यात सांगा. संस्थेचं नाव बदलून तोच परिच्छेद दुसरीकडे पाठवता येत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही.

काय येत नाही हे लिहायला लोक घाबरतात. घाबरू नका. 'मला आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरून रिग्रेशन करता येतं, पण वेळोवेळी गोळा केलेल्या माहितीचं विश्लेषण मी कधी केलेलं नाही. ते शिकायला येते आहे' हे वाक्य वाचणाऱ्याला विश्वास देतं. सगळं येत असेल तर शिकायला कशाला यायचं?

स्वतःचं दुःख, घरातलं आजारपण लिहावं का, असंही विचारतात. प्रश्न खरोखर तिथून आला असेल तर एका परिच्छेदात लिहा आणि पुढे चला. ज्यांच्यासोबत काम केलं त्या रुग्णांच्या गोष्टी लिहिताना मात्र फार जपा. नाव, गाव, ओळख पटेल असा कोणताही तपशील नको. अर्ज वाचणारे लोक संशोधनातली नीतिमत्ता शिकवतात. तुम्ही दुसऱ्याच्या आयुष्याला कसा हात लावता हे त्यांना तिथेच दिसतं.

मसुदा एआयकडून लिहून घेण्याबाबत प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे आहेत, ते वाचा. नियम काहीही असो, तुमचा डबा तुम्हीच पाहिलेला आहे. तो तुमच्याच शब्दांत यायला हवा.

शिफारसपत्रं कुणाकडून घ्यावीत?

सहसा तीन लागतात. निदान दोन तरी अशा माणसांची असावीत ज्यांनी तुम्हाला विचार करताना, चुकताना आणि सुधारताना पाहिलंय. मी स्वतः अर्ज केला तेव्हा एका मोठ्या पदावरच्या व्यक्तीचं पत्र घेतलं होतं. नावाला वजन होतं, पण पत्र पाच ओळींचं निघालं आणि त्यातल्या दोन माझ्या हजेरीबद्दल होत्या. माझ्याबरोबर रोज फील्डवर फिरणाऱ्या मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी दोन पानं लिहिली असती. हे मला फार उशिरा कळलं.

विनंती करताना सीव्ही, एसओपीचा मसुदा, डेडलाइनची यादी आणि तुम्ही एकत्र केलेल्या कामाची चार ओळींत आठवण पाठवा. किमान सहा आठवडे द्या. 'तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या आणि दुसरं माणूस शोधा.

जीआरई द्यावीच लागते का?

सार्वजनिक आरोग्याच्या अनेक शाळांनी ही प्रवेशपरीक्षा काढून टाकली आहे किंवा ऐच्छिक केली आहे. बायोस्टॅटिस्टिक्ससारख्या गणिती विभागांत अजून मागितली जाऊ शकते. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली आहे, १ तास ५८ मिनिटांची. गुण पाच वर्षं ग्राह्य धरतात. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं चालतात, तेव्हा ती परीक्षा फार लवकर देऊन ठेवू नका.

पदवीला गुण कमी आहेत. आशा सोडू का?

नाही. एकूण टक्क्यांपेक्षा संख्याशास्त्र आणि पद्धतिशास्त्राच्या विषयांत काय मिळालं हे जास्त पाहिलं जातं. तिथेच कमी असतील तर एखादा संख्याशास्त्राचा कोर्स पुन्हा करून चांगले गुण दाखवा. एखादं वर्ष आजारपणामुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे वाईट गेलं असेल तर दोन वाक्यांत सांगा. सफाई देत बसू नका.

शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा का?

असला तर उत्तम, नसला तरी चालतं. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकात घाईने छापलेला निबंध मात्र नुकसान करतो. त्यापेक्षा एखाद्या सर्वेक्षणात माहिती गोळा करण्यापासून ती स्वच्छ करून तक्ते बनवण्यापर्यंतचं काम तुम्ही केलं असेल, तर ते सीव्हीत नीट लिहा.

पैशाचं काय?

हा प्रश्न लोक शेवटी, तोही संकोचत विचारतात. खरं तर तो यादी बनवतानाच विचारायला हवा.

अमेरिकेत पीएचडीला अनेक ठिकाणी ट्युशन फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो, पण सार्वजनिक आरोग्यात हे सगळीकडे खरं नाही. काही विभाग पहिल्याच वर्षाची हमी देतात. डीआरपीएच बऱ्याचदा स्वतःच्या खर्चाने करावी लागते. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेची टी-३२ ही प्रशिक्षण अनुदानं आणि एफ-३१ ही फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते, त्यामुळे वेबसाइटवर 'भरपूर फेलोशिप्स' असं दिसलं तरी त्यांतल्या तुमच्यासाठी किती, हे विचारा. २०२५ मध्ये संघीय संशोधन निधीला कात्री लागल्यावर तिथल्या अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. जुन्या विद्यार्थ्यांचा अनुभव जसाच्या तसा धरून चालू नका, या वर्षी काय स्थिती आहे ते विचारा.

ब्रिटनमधल्या यूकेआरआय या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या शिष्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण त्यांच्यासाठी जागांची मर्यादा आहे आणि परदेशी फीमधला फरक कोण भरणार हे दर ठिकाणी वेगळं असतं. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क्समध्ये नागरिकत्वाची अट नाही. फक्त आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. बाहेरून जाणाऱ्यांना ही अट सोयीचीच पडते.

विभागाला हे जसंच्या तसं विचारा: 'किती वर्षांची हमी आहे? उन्हाळ्यातले महिने धरले आहेत का? आरोग्यविमा कोण भरतं? मार्गदर्शकांचं अनुदान मध्येच संपलं तर माझं काय होतं?' हे विचारल्याने कुणी तुम्हाला लोभी समजत नाही.

नोकरी सांभाळून करता येईल का?

काही डीआरपीएच अभ्यासक्रम त्यासाठीच बनवलेले आहेत. पीएचडी अर्धवेळ करता येते, पण विद्यार्थी व्हिसावर अर्धवेळ शिक्षण साधारणपणे चालत नाही.

इंटरव्ह्यूमध्ये काय विचारतात?

तुमचाच प्रश्न, उलटा करून. 'गोळ्या न घेणाऱ्या स्त्रियाच तुम्हाला घरभेटीत जास्त भेटत असतील तर?' 'तुमचं गृहीतक चुकलं तर ते कशावरून ओळखाल?' लगेच उत्तर यायलाच हवं असं नाही. थांबा, मोठ्याने विचार करा, शंका मान्य करा. विद्यार्थ्याबरोबर चार वर्षं बसून बोलता येईल का, हेच ते पाहत असतात. शेवटी तुम्हाला विचारायला सांगतील तेव्हा त्यांचे मागचे विद्यार्थी आता कुठे आहेत ते विचारा.

सगळीकडून नकार आला. आता?

आधी काही दिवस काहीच करू नका, दुःख होतंच. नंतर पाहा: इंटरव्ह्यूपर्यंत पोचला होतात का? पोचला असाल तर अर्ज चांगला होता. जागा, निधी किंवा मार्गदर्शकाची रजा, अशी कारणं तुमच्या हातात नव्हती. पोचलाच नसाल तर प्रश्न आणि संस्थांची निवड तपासा. कळीच्या एक-दोन ठिकाणी नम्रपणे कारण विचारा. काही जण उत्तर देतात. मधल्या वर्षात एखाद्या संशोधन प्रकल्पावर काम मिळवा आणि पुन्हा अर्ज करा. गोळ्यांच्या डब्याचा प्रश्न घेऊन गेलेल्या त्या मुलीला दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला. मधल्या वर्षात तिने साठ घरांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या होत्या.

दोन ठिकाणी प्रवेश मिळाला तर कसं निवडू?

अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव मानणाऱ्या संस्था निधीसह दिलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडत नाहीत. ती मुदत वापरा. दोन्हीकडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, ईमेलवर नको. लेखी सगळेच जपून बोलतात. विचारा की मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून देतात, आणि शेवटचा विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडला. 'मार्गदर्शक कसे आहेत?' या प्रश्नावर पलीकडचा माणूस जरा थांबला, तर ते थांबणंही लिहून ठेवा.